वाल्देमार हाफकिन : कार्य आणि कीर्ती

आपल्या स्मरणिकेत प्रतिवर्षी ज्ञातीतील एखाद्या कर्त्या पुरुषाचे अथवा स्त्रीचे चरित्र दिले जाते, आणि ती प्रथा उचितच आहे. यंदा मात्र ज्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, ते आपल्या ज्ञातीचे नव्हते, महाराष्ट्राचे नव्हते, हिंदुस्थानचेही नव्हते. ते जन्माने रशियन साम्राज्यातील यहुदी होते, शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ होते, आणि आपल्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे त्यांनी मुंबई इलाख्यात, प्लेगच्या छायेत घालविली. पुण्याच्या पेठांतून ज्या कुटुंबांची मुळे आहेत, त्यांतील बहुतेकांच्या घरी पणजोबा-खापरपणजोबांच्या पिढीतील प्लेगच्या कथा अजून सांगितल्या जातात. घर सोडून माळावरच्या झोपड्यांत राहिलेले दिवस, एका आठवड्यात घरातून निघालेल्या तीन तीन तिरड्या, बंद दारांवर ओढलेल्या खुणा. ह्या कथांतून रँडसाहेबाचे नाव हटकून येते. हाफकिनसाहेबाचे नाव क्वचितच येते. ते का येत नाही, आणि यावयास हवे की नाही, ह्याचा थोडा विचार ह्या चरित्राच्या निमित्ताने करावयाचा आहे.

वाल्देमार मोर्देकाय हाफकिन ह्यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा ह्या बंदरी झाला. विद्यापीठात त्यांस एल्या मेचनिकॉव्ह हे गुरू लाभले. शरीरातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात हा सिद्धान्त मांडून पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे ते हेच. शिष्य हुशार होता, परंतु काळ त्यास अनुकूल नव्हता. १८८१ साली झार दुसरा अलेक्झांडर ह्याचा वध झाला आणि दक्षिण रशियात यहुद्यांच्या वस्त्यांवर दंगेखोर तुटून पडले. आपल्या लोकांच्या रक्षणासाठी जी तरुण मंडळी पुढे सरसावली त्यांत हाफकिन होते. ते जखमी झाले, पकडलेही गेले. मेचनिकॉव्ह ह्यांनी शब्द टाकला म्हणून त्यांची सुटका झाली. पुढे काही वर्षे त्यांनी ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात साहाय्यकाचे काम केले. पदोन्नती हवी असेल तर बाप्तिस्मा घ्यावा लागेल, असे त्यांस सुचविण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि १८८८ साली देश सोडला.

जिनिव्हात काही काळ शिकविण्याचे काम करून ते पॅरिसला पाश्चर ह्यांच्या संस्थेत पोहोचले. तेथे मेचनिकॉव्ह आधीच येऊन स्थिरावले होते. जागा मात्र एकच रिकामी होती, ती साहाय्यक ग्रंथपालाची. हाफकिन ह्यांनी ती पत्करली. दिवसा इतरांचे ग्रंथ आणि नियतकालिके लावून ठेवावयाची व उरलेल्या वेळात प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात स्वतःचे काम करावयाचे, असा त्यांचा क्रम होता.

त्या कोपऱ्यातील पहिले काम पाण्यातील एका अतिसूक्ष्म एकपेशी जीवाविषयी होते. पॅरामेशियम असे त्याचे नाव. शाळेतल्या मुलांनाही ते पुस्तकातील चित्रावरून परिचित असते. ह्या जीवाच्या पेशीकेंद्रात शिरून वाढणारे जंतू हाफकिन ह्यांनी पाहिले, त्यांचे तीन प्रकार वर्णन केले, त्यांस होलोस्पोरा हे नाव दिले आणि १८९० साली हा निबंध प्रसिद्ध केला. ह्या निबंधाकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

त्या काळी पटकी पुन्हा युरोपच्या दारात उभी होती. पटकीवर लस टोचण्याचा प्रयत्न ह्यापूर्वी झालाच नव्हता असे नाही. स्पेनमध्ये हाईमे फेर्रान ह्यांनी १८८५ साली हजारो लोकांस टोचले होते. परंतु कोणास टोचले, कोणास नाही, आणि पुढे कोणाचे काय झाले, ह्याचा विश्वास ठेवण्याजोगा हिशेब त्यांच्याकडून मिळाला नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी त्यांचे काम मानले नाही. हाफकिन ह्यांनी पटकीचे जंतू एका गिनीपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात असे क्रमाने नेऊन त्यांचे विष तीव्र व स्थिर केले, आणि दुसरीकडे उष्ण हवेच्या झोतात वाढवून त्याच जंतूंचा एक सौम्य वाण तयार केला. आधी सौम्य, मग तीव्र, अशा दोन मात्रांची ही लस होती. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मग काही मित्रांस टोचली, आणि त्याच महिन्यात पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढे निष्कर्ष मांडले.

आता प्रश्न होता तो लस खरोखरीच्या साथीत पारखण्याचा. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसला ब्रिटिश वकील होते. त्यांच्या आग्रहाने हाफकिन १८९३ साली कलकत्त्यास उतरले. उत्तर हिंदुस्थान, आसामचे चहामळे, पलटणी, तुरुंग असे हिंडत सुमारे अडीच वर्षांत त्यांनी ४२ हजार लोकांस लस टोचली. १८९४ च्या मार्चमध्ये कलकत्त्यातील काठालबागान ह्या वस्तीत पटकी लागली. वस्तीतील दोनशे लोकांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. त्यानंतर तेथे जे कोणी आजारी पडले ते सर्व न टोचलेल्यांपैकी होते. स्वतः हाफकिन मात्र हिवतापाने खंगून १८९५ साली विश्रांतीसाठी युरोपला परतले, आणि थोडी शक्ती येताच पुन्हा हिंदुस्थानात आले.

येथून पुढची कथा आपली आहे. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्या गोमंतकीय वैद्याने एक रोगी तपासला व हा गाठीचा प्लेग आहे असे निदान केले. पंधरवड्याच्या आत, ७ ऑक्टोबरला, सरकारच्या सांगण्यावरून हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांस एक खोली व एक ओसरी मिळाली, आणि हाताखाली एक कारकून व तीन शिपाई. कामाचा ताण असा की एका साहाय्यकाचे मन ढळले आणि दोघे काम सोडून गेले. हाफकिन टिकले. बोकडाच्या मांसाच्या रसात ते प्लेगचे जंतू वाढवीत. गाईचे वा डुकराचे मांस त्यांनी कटाक्षाने टाळले होते, कारण लस कोणासाठी आहे हे ते विसरले नव्हते. रसाच्या पृष्ठभागावर ते साजूक तुपाचे थेंब सोडीत. त्या थेंबांच्या खालच्या अंगाला जंतूंची वाढ धरे आणि गुहेतील चुनखडीच्या लोंबत्या खांबांसारखी खाली उतरे. प्लेगचा जंतू ओळखण्याची ती एक खूणच ठरली. मग तो रस तापवून जंतू मारावयाचे, त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालावयाचे, की लस सिद्ध झाली. आपल्या देवघरातील निरांजनातले तूप जगातील पहिल्या प्लेगप्रतिबंधक लशीच्या कृतीत होते, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत असावयास हवी होती.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी, मोजक्या माणसांखेरीज कोणास न कळविता, हाफकिन ह्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. मात्रा १० घनसेंटिमीटरची होती. पुढे लोकांस देण्यात आलेल्या मात्रेच्या ती कितीतरी पट. ताप चढला, अंग ठणकू लागले, तरी ते कामावर हजर राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे निम्म्या कैद्यांनी आपखुशीने टोचून घेतले. न टोचलेल्यांत बारा जणांस प्लेग झाला व सहा दगावले. टोचलेल्यांत दोघांस झाला, मृत्यू कोणाचाही नाही.

ह्याच दिवसांत पुण्यात काय चालले होते, हे आपणांस वेगळे सांगावयास नको. १८९७ च्या आरंभी शहरात साथ पसरली. रँड ह्यांच्या अध्यक्षतेखाली प्लेगसमिती नेमली गेली, गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर शिरू लागल्या, माजघर पाहिले नाही, देवघर पाहिले नाही, सामान रस्त्यावर आले, रोगी व रोग्याचे आप्त वेगवेगळ्या तळांवर नेले गेले. लोकमान्य टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय काढले. सावित्रीबाई फुले हडपसरजवळ आपल्या पुत्राच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करताना प्लेगला बळी पडल्या, ती तारीख १० मार्च १८९७. आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली.

अशा शहरात सुई घेऊन आलेल्या साहेबाचे स्वागत कसे व्हावे? ज्या सरकारचा हात चुलीपर्यंत पोहोचला होता, त्याच हातातली ही कुपी. तिच्याविषयी नाना प्रवाद उठले. तिने धर्म बुडतो, तिने पुरुषत्व जाते, तिने माणूस तत्काळ मरतो. ह्या प्रवादांना अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. प्रस्तुत लेखकास ते न्याय्य वाटत नाही. लोकांचा अविश्वास मुळात लशीवर नव्हता, तो लस आणणाऱ्या सत्तेवर होता, आणि त्या सत्तेने तो अविश्वास कमावलेला होता. हाफकिन ह्यांचा स्वभाव ह्या सत्तेहून निराळा. त्यांनी आपली लस लोकांनी मनापासून स्वीकारावी ह्यावर भर दिला, आणि त्यासाठी त्यांच्यापाशी साधन होते ते एकच : पुरावा.

तो पुरावा त्यांनी आपल्याच जिल्ह्यात गोळा केला. १८९७ साली लोणावळ्यास व त्यानंतर खडकीच्या तोफखान्याच्या वस्तीत टोचलेल्यांची व न टोचलेल्यांची नावे वेगळी नोंदवून दोहोंतील आजार व मृत्यू मोजले गेले. एकाच जागी, एकाच प्रकारच्या घरांत, एकाच साथीला तोंड देणारी ही माणसे. दोन्ही ठिकाणी टोचलेल्यांतील मृत्यूंचे प्रमाण न टोचलेल्यांच्या मानाने फारच खाली आले. परंतु सर्वांत निर्णायक प्रयोग झाला तो बडोदा संस्थानातील उंढेरा नावाच्या खेड्यात, १८९८ च्या फेब्रुवारीत. गावात प्लेग चालू होता. हाफकिन ह्यांनी एकेक कुटुंब समोर बसविले आणि प्रत्येक घरातील निम्म्या माणसांस टोचले, निम्म्यांस तसेच ठेविले. कुटुंब एक, चूल एक, छप्पर एक, म्हणजे भेद राहिला तो फक्त लशीचा. काही आठवड्यांनी मोजणी झाली. न टोचलेल्या ६४ जणांत २७ आजारी पडले होते व त्यांतील २६ मरण पावले होते. टोचलेल्या ७१ जणांत ८ आजारी व ३ मृत. हे आकडे वाचताना त्या २६ जणांच्या घरांचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. आजच्या दिवशी असा प्रयोग कोणी करू म्हणेल तर त्यास परवानगी मिळणार नाही, आणि न मिळणे हेच योग्य. पण त्या आकड्यांनी पुढे लाखोंच्या दंडात सुई गेली, हेही खरे.

लोक लशीकडे वळले ते मात्र केवळ कोष्टके पाहून नव्हे. येथे ज्ञातिसंस्थांचा संबंध येतो, म्हणून थोडे थांबून सांगतो. मुंबईत त्या काळी अनेक ज्ञातींनी व पंथांनी आपापली प्लेग रुग्णालये उभारली. रोग्यास परक्या तळावर न नेता आपल्या माणसांत ठेवता यावे, आपल्या हातचे पाणी त्यास मिळावे, एवढाच त्यामागील हेतू. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू तिसरे आगाखान ह्यांनी त्याहून पुढचे पाऊल टाकले. ज्यांच्या घराण्याचा महाल आपल्या येरवड्यास आहे तेच हे आगाखान. त्यांनी आपल्या अनुयायांसमक्ष स्वतः टोचून घेतले, एकदा नव्हे, अनेकदा. त्यांच्यामागून हजारो खोजा स्त्री-पुरुष पुढे आले. हाफकिन ह्यांस जागा अपुरी पडू लागली तेव्हा आगाखानांनी आपला खुश्रू लॉज नावाचा बंगला प्रयोगशाळेसाठी दिला. सरकारी फर्मानाला जे साधले नाही ते आपल्या वडीलधाऱ्या माणसाच्या उघड्या दंडाने साधले.

१८९७ साली हाफकिन ह्यांस सी.आय.ई. हा किताब मिळाला. १० ऑगस्ट १८९९ रोजी त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. ही इमारत रिकामी पडण्यासही पटकी कारण झाली होती. ज्यांच्या नावाने आपले फर्ग्युसन कॉलेज उभे आहे त्या गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांच्या पत्नी १८८२ साली ह्याच वाड्यात पटकीने वारल्या, आणि त्यानंतर गव्हर्नरांचे वास्तव्य मलबार पॉइंटला हलले. जेथे मेजवान्या झडत त्या दिवाणखान्यांतून आता कुप्या भरल्या जाऊ लागल्या. हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने लस उपयुक्त असल्याचा निर्वाळा दिला, मात्र मात्रा प्रमाणित करण्याच्या पद्धतीवर व काही आकड्यांच्या काटेकोरपणावर दोष ठेविला. ही टीका सर्वस्वी निराधार नव्हती. घाईने, साथीच्या धुमाळीत जमविलेले ते आकडे होते.

आणि मग मुलकोवाल. पंजाबातील, आजच्या पाकिस्तानातील, हे खेडे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तेथे पाच कुप्यांतून १०७ जणांस लस टोचण्यात आली. त्यांतील एकाच कुपीतून टोचलेल्या १९ जणांस आठवड्याभरात धनुर्वात झाला व ते एकोणीसही जण मरण पावले. कुपीचा क्रमांक ५३-एन. इतर चार कुप्यांतून टोचलेल्यांस काही झाले नाही. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. कुपी परळहून निघण्यापूर्वीच दूषित असली पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. हाफकिन ह्यांनी लस लवकर व अधिक बनावी म्हणून कृतीत बदल केला होता आणि कार्बोलिक आम्ल वगळले होते, त्यावर ठपका आला. त्यांस कामावरून दूर करण्यात आले. १९०४ साली ते हिंदुस्थान सोडून गेले.

परंतु चौकशीच्या कागदांतच दुसरी एक गोष्ट नमूद होती. त्या दिवशी मुलकोवालात कुपीचे बूच काढताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो आगीत न धरता नुसता औषधी पाण्यात बुडवून पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, आणि तसल्या धुण्याने ते मरत नाहीत. शिवाय कुपी उघडली तेव्हा तिला दुर्गंध नव्हता. जंतू तीत आधीपासून, कित्येक दिवस, वाढत असते तर दुर्गंध यावयास हवा होता. ही विसंगती वर्षानुवर्षे दप्तरात पडून राहिली. चौकशीची कागदपत्रे सरकारने प्रसिद्ध केली ती थेट १९०६ च्या अखेरीस. ती वाचून हिवतापाच्या डासाचा शोध लावणारे, नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर रोनाल्ड रॉस खवळून उठले. त्यांनी नियतकालिकांतून लेख लिहिले, आणि २९ जुलै १९०७ च्या लंडन टाइम्समध्ये दहा नामांकित शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र छापून आले. हाफकिन ह्यांच्यावरील आरोप सिद्ध होत नाही, असे त्यांनी एकमुखाने सांगितले. वर्षभरापूर्वीच, १९०६ च्या जुलैमध्ये, फ्रान्समध्ये ड्रायफस ह्या यहुदी सेनाधिकाऱ्यास वर्षानुवर्षांच्या अन्यायानंतर निर्दोष ठरविण्यात आले होते. त्यामुळे अनेकांनी ह्या प्रकरणास छोटे ड्रायफस प्रकरण म्हटले. १९०७ च्या अखेरीस सरकारने दोष मागे घेतला आणि हाफकिन कलकत्त्यास कामावर परतले. परळची प्रयोगशाळा मात्र त्यांस पुन्हा मिळाली नाही. ज्या लशीसाठी त्यांनी जीव पणाला लाविला तिच्या निर्मितीशी त्यांचा संबंध कायमचा तुटला. निर्दोष ठरविले, पण काम परत दिले नाही, हा न्याय अर्धाच म्हटला पाहिजे.

आजच्या काळी शास्त्रज्ञाची योग्यता मोजण्याची एक पद्धत रूढ झाली आहे. त्याने किती निबंध प्रसिद्ध केले, आणि त्या निबंधांचा उल्लेख इतरांनी आपल्या निबंधांत किती वेळा केला, ह्याची मोजदाद होते. ज्ञातीतील जी मुलेमुली आज संशोधनक्षेत्रात आहेत त्यांस ह्या गणिताची चांगलीच ओळख आहे. नोकरी, बढती, अनुदान सर्व त्यावर ठरते. हे माप हाफकिन ह्यांस लाविले तर काय दिसते? त्यांचे लेखन फार मोठे नाही, आणि त्याचा बराच भाग सरकारी अहवालांत गाडलेला आहे. नावाची तर आणखी गंमत. फ्रेंच निबंधांत ते कधी खाव्किन, कधी एका फ-काराचे हाफ्किन, आणि इंग्रजीत दोन फ-कारांचे हाफकिन असे छापले गेले. यंत्राने मोजणी करावयाची तर हे तीन निरनिराळे गृहस्थ ठरावयाचे. शिवाय एखादी गोष्ट सर्वतोमुखी झाली की ती कोणी प्रथम सांगितली ह्याचा उल्लेख करण्याचे लोक सोडून देतात. आपण अंकगणित करताना शून्याच्या जनकाचे नाव घेत नाही, तसेच हे.

पण ऋण मान्य करण्याचे दुसरेही मार्ग असतात. इंग्लंडातील ऑल्मरॉथ राइट ह्यांनी विषमज्वरावरील लस तयार केली ती हाफकिन ह्यांच्या कामाची प्रत्यक्ष ओळख झाल्यावर, आणि तसे त्यांनी आपल्या लेखनात नमूद केले. पहिल्या महायुद्धात त्या लशीने असंख्य सैनिकांचे प्राण वाचविले. परळच्या प्रयोगशाळेतून १८९७ ते १९२५ पर्यंत प्लेगच्या लशीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या. ह्या मात्रांचा उल्लेख कोणत्याही निबंधसूचीत सापडणार नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे. ह्या लशीने प्लेगचा नायनाट झाला नाही. ती देणारे संरक्षण अपुरे व काही महिन्यांचेच होते, फुप्फुसाच्या प्लेगपुढे तिचा फारसा इलाज चालत नसे. प्लेगने ह्या देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली ती लस हाती असताना. रोग उंदरांवरील पिसवांतून पसरतो हे पॉल-लुई सिमाँ ह्यांनी १८९८ साली दाखविले, परळच्याच प्रयोगशाळेत पुढे त्याची खात्री झाली, आणि खरा उतारा पडला तो त्यानंतर, हळूहळू, व अखेरीस जंतुनाशक औषधांनी.

हाफकिन १९१५ च्या सुमारास हिंदुस्थानातून कायमचे गेले. त्यांनी लग्न केले नाही. उत्तरायुष्य त्यांनी फ्रान्स व स्वित्झर्लंडमध्ये घालविले आणि ते उत्तरोत्तर आपल्या धर्माकडे ओढले गेले. १९१६ साली सनातन यहुदी आचाराच्या समर्थनार्थ त्यांनी एक निबंध लिहिला. ज्या धर्मासाठी तरुणपणी नोकरीवर पाणी सोडले, त्याच्या पाठशाळांसाठी १९२९ साली आपली सर्व पुंजी एका न्यासात ठेवली. १९२५ साली परळच्या संस्थेस सरकारने हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव दिले, ही वार्ता ऐकण्याचे समाधान त्यांस लाभले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

१९६४ साली एक योग जुळून आला. त्या वर्षी भारत सरकारने हाफकिन ह्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. त्याच वर्षी सेलमन वाक्समन ह्यांनी त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. हे वाक्समन म्हणजे स्ट्रेप्टोमायसीन ह्या औषधाच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालेले शास्त्रज्ञ, आणि प्लेगचा रोगी बरा करणारे पहिले प्रभावी प्रतिजैविक औषध तेच. प्लेग अडविणाऱ्याचे चरित्र प्लेग बरा करणाऱ्याने लिहावे, ह्याहून मोठा उल्लेख कोणता? आणि शास्त्रीय निबंधांतील उल्लेखांची मोजदाद करणारी अमेरिकेतील पहिली मोठी सूचीही १९६४ सालीच सुरू झाली.

पुण्यापुरते सांगावयाचे तर हडपसरला १९६६ साली सुरू झालेली सीरम इन्स्टिट्यूट आज जगभर लस पाठविते. पूनावाला घराण्याच्या अश्वशाळेतील वयस्क घोडे पूर्वी परळच्या हाफकिन संस्थेस रक्तजल काढण्यासाठी दिले जात. त्याच व्यवहारातून पुण्यातच हे काम करावे ही कल्पना निघाली.

राहता राहिला तो पॅरामेशियमवरील निबंध, साहाय्यक ग्रंथपालाने फावल्या वेळात लिहिलेला. होलोस्पोरा हे नाव पुढे जंतूंच्या अधिकृत यादीबाहेर पडले होते. १९८१ साली ग्रोमॉव्ह व ओसिपॉव्ह ह्या रशियन शास्त्रज्ञांनी ते पुन्हा विधिपूर्वक प्रस्थापित केले. जंतूंच्या नामकरणाचा नियम असा की पूर्ण नाव देताना ते मूळ कोणी दिले हेही लिहावयाचे. म्हणून आजही ह्या जंतूविषयी लिहिणारा कोणी त्याचे नाव शास्त्रोक्त रीतीने देतो तेव्हा नावापुढे कंसात मूळ नामकर्ता नोंदवितो : हाफ्किन, १८९०. एका फ-काराचा.